मोंथाच्या पुढे पुढे: नागपूर ते मछलीपट्टणम आणि परत

शनिवार, 25 ऑक्टोबर 2025, नागपूर

दिवाळीच्या चकल्या अजून संपल्या नव्हत्या आणि तिकडे बंगालच्या उपसागरात, अंदमानच्या पश्चिमेला, कमी दाबाच्या क्षेत्राचं डिप्रेशन झालं, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी. चक्रीवादळ झालंच तर त्याचं नाव ठरलेलं होतं: मोंथा. सकाळपासून आम्हा चौघा हवामानवेड्यांचे फोन त्याच एका विषयावर वाजत होते. संध्याकाळी सरांच्या घरी जमलो. सर निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. ताई कृषी पदवीधर, माहेर भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं, घरी धानाची शेती. धाकटा इंजिनिअरिंगला आहे आणि रडारची चित्रं त्याच्याइतकी बारकाईनं पाहणारा माणूस मला माहीत नाही. मी रोज वायुदाब, वारा आणि पाऊस वहीत लिहून ठेवणारा.

झिरो माइलच्या गावात राहून समुद्री वादळाचा एवढा ध्यास कशाला, असं आम्हाला नेहमी विचारतात. सरांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. उपसागरातली वादळं बहुतेक पश्चिमेला किंवा वायव्येला सरकतात. आंध्राचा किनारा ओलांडला की जोर ओसरतो, पण उरलेलं आभाळ गोदावरीच्या खोऱ्यानं वर तेलंगण, छत्तीसगड आणि विदर्भाकडे येऊ शकतं. टीव्हीवरची बातमी किनाऱ्यावर संपते. आपल्या धानाची, कापसाची आणि संत्र्याची गोष्ट तिथून पुढे सुरू होते, आणि नेमका तो भाग कुणी सांगत नाही. मला या प्रवासात हेच डोळ्यांनी पाहायचं होतं.

हवामान खात्याच्या वादळ इशाऱ्यांचे चार टप्पे असतात. पहिली पूर्वसूचना साधारण तीन दिवस आधी, मग 48 तास आधीचा अलर्ट, 24 तास आधीचा इशारा, आणि चौथा टप्पा धडकेच्या किमान 12 तास आधी. या चौथ्या टप्प्यात वादळ जमिनीवर आल्यानंतर कुठे जाईल आणि आतल्या जिल्ह्यांत काय होईल ते दिलेलं असतं. लाल रंगात येणारं हे पत्रक लोक सर्वांत कमी वाचतात. सर म्हणाले, "आपण या चौथ्या कागदाच्या वाटेनं प्रवास करायचा."

नियम त्याच बैठकीत ठरले. वादळ किनाऱ्याला लागायच्या आत किनारा सोडायचा. प्रशासनानं बंद केलेल्या ठिकाणी पाऊल टाकायचं नाही. वादळाच्या मागे धावायचं नाही, त्याच्या पुढे राहायचं, आणि बचावाच्या माणसांवर आपला भार पडू द्यायचा नाही. यातला एकही नियम मोडायची वेळ आली तर तिथूनच परत फिरायचं.

निघण्याआधी ताईनं माहेरी भावाला फोन लावला. "उभा धान उभाच राहू दे. बुधवार-गुरुवार पाऊस दिसतोय. कापू नको आता."

रविवार, 26 ऑक्टोबर

स्टेशनला नेणारा ऑटोवाला म्हणाला, "वादळ पाहाले चालले का भाऊ? आपल्याकडं काय कमी पाऊस पडून राहिला यंदा?" बोलणं खरं होतं. पावसाळा संपला तरी आभाळ पुरतं मोकळं झालं नव्हतं. अरबी समुद्रातही या दिवसांत एक डिप्रेशन घोटाळत होतंच.

गाडी सुटली. सेवाग्रामपासून दोन्ही बाजूंना कापूस. पऱ्हाटीवर बोंडं फुटलेली, वेचणीला आलेली. बल्लारशाहनंतर भाषा बदलली, पाट्या बदलल्या, पण रान तसंच राहिलं. कापूस, मग धान, मग पुन्हा कापूस. पावसाला राज्याची सीमा नसते हे आपण सहज बोलून जातो, पण खिडकीतून सलग तेच पीक दिसत राहिलं तेव्हा ते मनावर ठसलं. मंचिर्याल सोडल्यावर गोदावरीचा पूल लागला. पात्रात भरपूर पाणी होतं.

दुपारनंतर धाकट्यानं सगळ्यांना खिडकीशी बोलावलं. आग्नेय क्षितिजावरून पांढरे, पिंजल्यासारखे तंतुमेघ वर चढत होते, सगळे एकाच बिंदूतून फुटल्यासारखे. वादळाच्या माथ्यावरून हवा बाहेर फेकली जाते आणि तिच्याबरोबर हिमकणांचे हे ढग शेकडो किलोमीटर पुढे येतात. सरांनी होकायंत्र लावून दिशा घेतली आणि वहीत लिहिली. उपग्रहाच्या चित्रात वादळ रोजच दिसतं. पण तेलंगणातल्या रुळांवरून, साध्या डोळ्यांनी, समुद्रात फिरणाऱ्या चक्राची कड दिसणं वेगळंच. माझ्या अंगावर काटा आला.

पहाटेच डिप्रेशनचं डीप डिप्रेशन झालं होतं. या पायऱ्या वाऱ्याच्या वेगावर ठरतात. ताशी 31 ते 49 किलोमीटर म्हणजे डिप्रेशन, 50 ते 61 म्हणजे डीप डिप्रेशन, 62 पासून चक्रीवादळ आणि 89 पासून तीव्र चक्रीवादळ. नाव मिळतं ते 62 च्या पायरीवर. उत्तर हिंदी महासागराच्या यादीत 13 देशांनी सुचवलेली नावं आहेत आणि या वेळी पाळी थायलंडच्या 'मोंथा'ची होती. रात्री विजयवाड्याला उतरलो तेव्हा हवा दमट आणि जड होती. वारा मात्र नव्हता.

सोमवार, 27 ऑक्टोबर, मछलीपट्टणम

जाग आली ती नामकरण झाल्याच्या बातमीनं. मोंथा जन्मलं होतं.

चहा घेऊन सकाळच्या बसनं मछलीपट्टणम गाठलं. कृष्णेच्या मुखाजवळचं हे जुनं बंदर, तिथले लोक त्याला नुसतं बंदरच म्हणतात. हवामान खात्याचं एक मोठं डॉप्लर रडार इथे आहे. नागपूरला सोनेगावला आहे त्याच कामाचं, फक्त याची नजर समुद्रावर. दहा सेंटीमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या लहरी ढगातल्या थेंबांवर आपटून परत येतात. त्यावरून पाऊस कुठे आणि किती हे कळतं. थेंब रडारकडे येतात की दूर जातात, यावरून वारा कळतो.

गिलकलदिंडीच्या मच्छीमार बंदराकडे वळलो. समुद्रावर जाणारा रस्ता पुढे पोलिसांनी बंद केला होता आणि तिथे वाद घालायचा प्रश्नच नव्हता. खाडीच्या काठावर जे दिसलं तेवढंच पाहिलं. बोटी एकमेकींना खेटून, तिहेरी दोरांनी बांधलेल्या. मधल्या फटींत जुने टायर लोंबकळत होते. एका बोटीवर बाप-लेक जाळं उतरवत होते. लेक ओढायचा, बाप हातभर हातभर घडी घालायचा. बोटीपेक्षा जाळ्याचीच जास्त काळजी दिसत होती. इंजिनावर ताडपत्री आवळून तिच्यावर विटा ठेवल्या होत्या. पाऊस अजून भुरभुरच होता. मध्येच एक झोत यायचा, दोरखंड कुरकुरायचे, आणि पुन्हा सगळं शांत.

चहाच्या टपरीवर एक आजोबा बसले होते. मोडकंतोडकं हिंदी, त्यात तेलुगू. आम्ही वादळासाठी आलोय हे कळल्यावर त्यांनी हात डोक्याच्या वर नेला, आणखी वर नेला, आणि म्हणाले, "उप्पेना." समुद्राची लाट. मग एकच आकडा, "सत्त्याहत्तर."

19 नोव्हेंबर 1977. इथून दक्षिणेला, कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातल्या दिविसीमावर चक्रीवादळाबरोबर पाच मीटरच्या आसपास उंच पाणी चढलं. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्याच्याही आधी, नोव्हेंबर 1864 मध्ये, खुद्द मछलीपट्टणममध्ये सुमारे 30,000 लोक बुडून मेले. या किनाऱ्यावर वाऱ्यापेक्षा पाण्याची भीती मोठी आहे. समुद्राचा तळ उथळ आणि हलक्या उताराचा. वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो, त्याला खाली जायला जागा नसते, म्हणून ते जमिनीवर चढतं. आजोबांचा हात वर होता तेवढा वेळ आमच्यातलं कुणी बोललं नाही. मग ताईनं त्यांना नमस्कार केला.

मोंथासाठी नेहमीच्या भरतीपेक्षा साधारण मीटरभर जास्त पाण्याचा अंदाज होता. 1977 च्या मानानं लहान. तरीही सखल गावांतून लोकांना हलवणं चालू होतं. वाटेत शाळांच्या आवारात बस उभ्या होत्या. म्हाताऱ्यांना हात धरून उतरवत होते, आणि एका बाईच्या कडेवर मूल, हातात कोंबडी होती. 1977 आणि आज यांच्यात जो फरक आहे तो या बसमध्ये आहे. उपग्रह, रडार, संगणकावरची गणितं, सगळं शेवटी या पायरीपर्यंत पोचतं, तेव्हाच त्याला अर्थ येतो. हवामानाच्या छंदाला लोक आकाशाचा छंद समजतात. मला तो आज पहिल्यांदा माणसांचा वाटला.

दुपारीच परतीची बस धरली. बंदर लाडू मात्र घेतले. फराळाच्या डब्यात जागा झालीच होती.

मंगळवार, 28 ऑक्टोबर, विजयवाडा ते हनमकोंडा

पहाटे साडेपाचच्या नोंदीनुसार मोंथा तीव्र चक्रीवादळ झालं होतं.

उजाडताच कृष्णेच्या प्रकाशम बॅरेजपाशी गेलो. पाऊस थांबून थांबून येत होता. सर म्हणाले, "वाऱ्याकडे पाठ करा." 1857 मध्ये बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञानं मांडलेला नियम आहे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला येतो. जमिनीवर घर्षणामुळे वारा केंद्राकडे थोडा वळतो, म्हणून डावा हात जरा पुढे घ्यायचा. वारा उत्तर-ईशान्येकडून येत होता. आम्ही चौघांनी पाठ फिरवली, डावे हात पुढे केले, आणि ते हात आग्नेयेला गेले. धाकट्यानं फोनवर पत्रक उघडलं. मोंथा आग्नेयेलाच होतं. कुठलंही यंत्र नाही, नुसती पाठ आणि हात, आणि समुद्रातल्या वादळाचा ठिकाणा सांगता आला. बॅरेजवरून सायकलनं जाणारा एक माणूस थांबून बघू लागला. सरांनी त्यालाही उभं केलं आणि हात दाखवला. तो खूश होऊन गेला.

नियमाप्रमाणे सकाळीच निघालो. खम्ममच्या बाजूची बस मिळाली, पुढे दुसरी. वाटेत भातखाचरांमध्ये पीक पिवळं होऊन उभं होतं. कुठे मळलेला धान रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर पसरलेला, आणि माणसं तो घाईनं गोळा करत होती. मक्याचेही ढीग होते. ताई प्रत्येक ढिगाकडे मान वळवून पाहत होती. शेवटी म्हणाली, "यांना कुणी सांगितलं असेल का? किनाऱ्यावरच्यांना सांगितलं असेलच."

संध्याकाळी वरंगळला लागून असलेल्या हनमकोंड्याला पोचलो. बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या मुद्दाम मागून घेतल्या. गच्चीची किल्लीही मागितली. कठड्याला पर्जन्यमापक बांधला, वायुदाबमापक खिडकीच्या आत ठेवला.

सातच्या सुमाराला धडक सुरू झाल्याची बातमी आली. धडक एका क्षणाची गोष्ट नसते. वादळाची पुढची कड जमिनीला लागते, मग केंद्र, मग मागची बाजू, यात काही तास जातात. आम्ही एका पलंगावर चौघं, मध्ये धाकट्याचा लॅपटॉप. मछलीपट्टणमच्या रडारचं चित्र दर काही मिनिटांनी बदलत होतं. पावसाचे पट्टे वळत वळत आत येत होते आणि केंद्राच्या भोवती पिवळा-लाल रंग एका बाजूला जास्त होता. मध्यरात्रीच्या सुमारास केंद्रानं नरसापूरजवळ किनारा ओलांडला. वारा ताशी 90 ते 100 किलोमीटर, झोत 110 पर्यंत. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, हे गणित माहीत असलं की हे आकडे नुसते आकडे राहत नाहीत. गोदावरीच्या मुखाजवळच्या कोनसीमातल्या नारळाच्या बागा डोळ्यांसमोर येत होत्या. केंद्राच्या उजव्या बाजूला, काकीनाडाकडे, वारा समुद्रावरून जमिनीवर येत होता. डावीकडे, मछलीपट्टणमला, तो जमिनीवरून समुद्राकडे चालला होता. गिलकलदिंडीच्या त्या बाप-लेकांचं जाळं बहुधा वाचलं असावं, या विचारानं मला बरं वाटलं.

लॉजवरच्या टीव्हीवर बातमी देणारा म्हणाला, वादळ ओसरायला लागलं. रात्रपाळीच्या मॅनेजरनं टीव्ही बंद केला. सरांनी चौथ्या टप्प्याचं पत्रक पुन्हा मोठ्यानं वाचलं. तेलंगण, दक्षिण छत्तीसगड, विदर्भ.

बाहेर पाऊस लागला होता.

बुधवार, 29 ऑक्टोबर, हनमकोंडा

आजचा दिवस मी लवकर विसरणार नाही.

वायुदाबाला रोजची एक लय असते. सकाळी दहाच्या सुमाराला काटा चढतो, दुपारी चारला उतरतो, रात्री पुन्हा चढतो, पहाटे पुन्हा उतरतो. आपल्या अक्षांशांत हा चढउतार इतका नेमका असतो की वहीतल्या आकड्यांवरून घड्याळ लावावं. आज सकाळी दहाला काटा चढायला हवा होता. तो उतरत होता. मी काचेवर हलकी टिचकी मारली, काटा आणखी खाली सरकला. सरांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "आलं."

वारा फारसा नव्हता. गच्चीवरची रिबन सकाळी ईशान्येचा वारा दाखवत होती, मग उत्तरेचा, दुपारी वायव्येचा, संध्याकाळी पश्चिमेचा. वारा असा डावीकडे वळत गेला की केंद्र आपल्या पूर्वेकडून वर जातंय हे समजायचं. मोंथा वरंगळच्या पूर्वेनं उत्तरेकडे निघालं होतं. सकाळी चक्रीवादळ, दुपारपर्यंत डीप डिप्रेशन. नकाशावर ते क्षीण होत होतं, आमच्या गच्चीवर मात्र पर्जन्यमापक दर थोड्या वेळानं भरत होता. ताई आणि मी आळीपाळीनं जिना चढत होतो. माप वाचायचं, लिहायचं, रिकामं करायचं, पुन्हा लावायचं. दुपारी ते वाचून खाली येईपर्यंत वर पुन्हा पाणी भरायचं. असा पाऊस मी नागपूरला जुलैत पाहिला आहे, पण तो तासाभरात दमतो. हा दमत नव्हता.

का, ते समजून घ्यायला हवं. जमिनीवर आल्यावर वादळाला खालून मिळणारी गरम, ओली हवा तुटते, झाडं आणि डोंगर वाऱ्याला अडवतात, म्हणून वेग पडतो. पण वादळानं समुद्रावरून आणलेली वाफ लगेच संपत नाही, आणि उपसागरावरून येणारा ओला वारा मागून पुरवठा करत राहतो. चक्र मंदावलं की तो सगळा पाऊस एकाच भागावर उतरतो. वादळाची श्रेणी वाऱ्याच्या वेगावर ठरते, पावसावर ठरत नाही. त्यामुळे पत्रकात ते एकेक पायरी उतरत असतं, आणि त्याच वेळी जमिनीवर गावं बुडत असतात.

संध्याकाळपर्यंत वरंगळ आणि हनमकोंड्यातल्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. डोर्नकल, महबूबाबादच्या बाजूला रुळांवर पाणी आलं आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. जिल्ह्यात काही ठिकाणी एका दिवसात 300 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. नागपूरला वर्षभरात हजार-अकराशे मिलिमीटर पडतो. किनाऱ्यापासून दोनशेहून जास्त किलोमीटर आत हे घडत होतं, आणि काल रात्रीच टीव्हीवर वादळ ओसरलं होतं.

आमच्या गल्लीत आधी गुडघाभर पाणी झालं. समोरच्या किराणा दुकानदारानं पोती वर चढवायला घेतली, तेव्हा आम्ही खाली उतरलो. तांदूळ, साखर, तूरडाळ. त्याचा मुलगा, धाकटा आणि मी पोती खांद्यावर घेत होतो, सर आणि ताई जिन्यात उभे राहून पुढे सरकवत होते. तेलाचे डबे शेवटी. दुकानदाराच्या बायकोनं वरच्या मजल्यावर सगळ्यांना गरम उपमा दिला. भाषा येत नव्हती, पण तिनं धाकट्याच्या डोक्यावर टॉवेल टाकून खसाखसा पुसलं ते समजायला भाषा लागत नाही. वीज गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात दुकानदार हातवारे करत विचारत होता, किनाऱ्यावर वादळ येणार हे सगळ्यांना माहीत होतं, मग इथे एवढं होणार हे आपल्याला कसं कळलं नाही? इशारा निघाला होता. त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. सरांनी फोनवर लाल पत्रक काढून त्याच्या मुलाला दाखवलं, ते कुठे मिळतं, कधी निघतं, नकाशा कसा वाचायचा हे समजावलं. मुलगा दहावीला आहे. त्यानं सगळं वहीत लिहून घेतलं.

गुरुवार, 30 ऑक्टोबर

पाऊस पहाटे थांबला. दुकानातली पोती वरच होती, खाली चिखल. निरोप घेतला आणि काजीपेठला आलो. उत्तरेकडची एक गाडी बऱ्याच उशिरानं मिळाली. उभ्यानं प्रवास. गोदावरी रविवारी पाहिली त्याहून रुंद आणि लाल.

सकाळच्या पत्रकात मोंथाचं ठिकाण लिहिलं होतं: पूर्व विदर्भ आणि लगतचा दक्षिण छत्तीसगड. अंदमानच्या पश्चिमेला जन्मलेलं आभाळ आमच्या घरावर पोचलं होतं आणि आम्ही त्याच्या मागून घरी चाललो होतो. बल्लारशाहला पाऊस, वर्ध्याला पाऊस, नागपूरला उतरलो तेव्हाही पाऊस. कापूस झाडावरच भिजून लोंबत होता. रविवारचा पांढरा रंग पार मळला होता.

ताईच्या भावाचा फोन आला. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "उद्या सकाळी जाऊ."

शुक्रवार, 31 ऑक्टोबर, पवनी तालुका

वैनगंगेचा पूल ओलांडून गावात शिरलो. पाऊस नव्हता, पण आभाळ खाली आलेलं.

ताईच्या भावाच्या शेतात दोन प्रकारच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची खाचरं, होत्या. एकीत धान उभा होता. थोडा आडवा झालेला, पण लोंब्या पाण्याच्या वर. ताईनं शनिवारी फोन केला त्यामुळे तो कापायचा थांबला होता. दुसरीत आधीच कापून सुकायला ठेवलेल्या कडपा होत्या, आणि त्या पाण्यात. मी खाली बसून एक कडप उचलली. वरचा पेंढा नुसता ओला होता, खालचा चिखलात रुतलेला. लोंबी बोटांत धरली तर दाणे टपटप गळाले. एक दाणा सोलून पाहिला. फुगलेला, मऊ, टोकाशी पांढरा ठिपका. ताई म्हणाली, "असाच राहिला तर दोन दिवसांत कोंब येईल."

भाऊ म्हणाला, "उभा वाचला जी, तो तुमच्या फोनमुळे. पण हा आधीचा का करू? आणखी पाणी येते का, तेवढं सांगा."

हा प्रश्न त्यानं अगदी योग्य विचारला होता. त्यावर सगळं ठरणार होतं. कडपा आज उलटायच्या, बांधावर काढायच्या की तशाच सोडायच्या. धाकट्यानं नागपूरच्या रडारचं चित्र उघडलं. पावसाचे पट्टे ईशान्येला, छत्तीसगड-झारखंडच्या बाजूला सरकत होते. मागे मोकळं होत होतं. सरांनी रुमाल हातात धरून वाऱ्याची दिशा पाहिली. मी वायुदाबमापक गाडीच्या टपावर ठेवला. दहा वाजत आले होते आणि काटा वर जात होता, रोज जातो तसा.

"नाही येत," सर म्हणाले. "आज हलकी सर आली तर आली. उद्यापासून उघडेल."

मग आम्ही चपला काढल्या. पाच-सहा जण आणि शेजारचे दोघं, ओळीनं. वाकायचं, कडप दोन्ही हातांनी खालून उचलायची, दाणे गळू न देता बांधापर्यंत न्यायची, लोंब्या वर करून आडवी टाकायची. ताईच्या भावानं बांधीचं तोंड फोडून पाणी काढून दिलं. दुपारपर्यंत अर्धी बांधी झाली. शेजारचा माणूस म्हणाला की त्याला वादळाचं माहीत होतं, पण ते आंध्रात येणार होतं म्हणून त्यानं मंगळवारीच सगळा धान कापला. त्याच्या सगळ्या कडपा पाण्यात होत्या. धाकट्यानं त्याचा नंबर घेतला. गावच्या सरपंचांचा आणि कृषी सहायकांचाही घेतला. नोव्हेंबर-डिसेंबर अजून वादळांचेच महिने आहेत, आणि पुढचं लाल पत्रक निघालं की त्यातला विदर्भाचा भाग मराठीत, चार ओळींत, या नंबरांवर पाठवायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं.

ताईच्या भावानं बांधावर उभं राहूनच मळणी यंत्रवाल्याला फोन लावला. "सोमवारी ये. आधी उभा कापू, मंग या कडपा."

जेवायला घरी गेलो. जेवण झाल्यावर उरलेली अर्धी बांधी होती.